ओवीखालचा आवाज
काथ्याचा वास आला की मला वेंगुर्ल्यातली ती दुपार आठवते. मी गाण्यांचं मास्टरिंग करतो, म्हणजे रेकॉर्डिंगवर शेवटचा हात फिरवतो. माझ्या मित्राने फणसाच्या लाकडाचे स्पीकर बनवले होते आणि ते ऐकायला माडांत वेगळी खोली बांधली होती. खोली फार घुमत होती, म्हणून कोपऱ्यांत काथ्या भरू या, असं मी सुचवलं. "गाणी साफ करूचा तुझा काम. खोली माका बघूंदे," तो चिडून म्हणाला, पण शेवटी त्याने ऐकलं. घुमणं थांबल्यावर त्याने वारलेल्या आईची जुनी कॅसेट लावली. तिच्या ओवीखाली एक पुरुष हलकेच तिच्याबरोबर गुणगुणत होता. मित्राने माझं मनगट घट्ट धरलं. "ह्यो बाबांचो आवाज. पण आयेन ह्या गायला, तेव्हा तेंका जावन वरीस झाला होता रे." आम्ही कॅसेट शेवटपर्यंत ऐकली. मग त्याने सगळा काथ्या उपसून बाहेर टाकला आणि पुन्हा तीच ओवी लावली. त्या घुमण्यात आता फक्त आई उरली होती. अजूनही लोक मला ऐकण्याची खोली कशी बांधावी ते विचारतात. मी सगळं सांगतो, पण पहिलं गाणं लागायच्या आत तिथून निघतो.