शनिवारी तापणारा रेडिएटर

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही: आमच्या नव्या खोलीतला रेडिएटर मीच बंद करत होतो.

इथे परदेशात, जॉन्सनव्हिलच्या घराला आम्ही एक खोली वाढवली. सासरे पुण्याहून सहा महिने राहायला येणार होते. पहाटे पाचला सगळ्या घराला उठवणारा माणूस. खोली गार राहिली तर दोन महिन्यांत परततील, असा माझा क्षुद्र बेत.

घरातल्या हीटिंगचे, गरम पाण्याचे पाइप त्या खोलीपर्यंत नेले काकांनी. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो. पुण्यात कारखान्याचे बॉयलर सांभाळलेले, इथे साठीत पाइप जोडत होते. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. घराखालच्या पोकळीत सरपटत जाणार, पाइपला स्क्रूड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावणार, डोळे मिटणार. मग म्हणणार, "पाणी खोटं बोलत नाही हो. ऐकणारा हवा."

सासरे आले आणि तिसऱ्या दिवशी मी रेडिएटरचा व्हॉल्व्ह फिरवून बंद केला. सासऱ्यांनी कानटोपी चढवून थेट काकांनाच फोन लावला. ते शनिवारी येणार म्हटल्यावर माझी तंतरली. सकाळीच मी व्हॉल्व्ह गुपचूप उघडला.

काकांनी रेडिएटरवर हात ठेवला. "तापलाय की!"

"तुम्ही आलात म्हणून," सासरे म्हणाले. "गेलात की बघा."

ते गेले. मी बंद केला.

असे सात शनिवार. काकांनी पाइपातली हवा काढली, पंप बदलला, जमिनीच्या फळ्या उचकटल्या. पैसे विचारले तर म्हणाले, "स्वतःच्या चुकीचे घेत नाही." सासरे त्यांना पाना देत आणि वर टोमणाही: "इंजिनिअर, तुमच्या पाण्याला फक्त शनिवारचा व्हिसा मिळालाय का हो?"

मग रेडिएटर गार कधी पडतो ते पाहायला काका दिवसभर तिथेच बसू लागले. ते असताना मला व्हॉल्व्हला हात लावता येईना. दोघं पोहे खात, बुद्धिबळ मांडत. सासरे इतके रमले की त्यांनी स्वतःचाच व्हिसा तीन महिने वाढवून घेतला.

सातव्या शनिवारी काकांनी बराच वेळ स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ठेवला. "मला काही समजेना झालंय," ते म्हणाले. "तुम्ही ऐका बरं. पाणी वाहतंय ना?"

मी कान लावला. पाणी छान वाहत होतं.

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

त्यानंतर मी व्हॉल्व्हला हात लावला नाही. खोली तापली ती तापलीच. सासऱ्यांनी आनंदाने फोन केला. पलीकडून काका म्हणाले, "कारण कळलं नाही ना, मग काम झालं असं मी म्हणणार नाही."

पुढच्या महिन्यात हत्यारं विकून ते टौरंगाला मुलीकडे गेले. तिथे पॅकहाउसमध्ये किवीफळं निवडतात म्हणे, लहान एकीकडे, मोठी दुसरीकडे.

सासरेही पुण्याला परतून वर्षं झाली. त्या खोलीत आता मी बसतो, उबेत. काकांचा नंबर दोनदा काढला आणि ठेवून दिला. त्यांचे सात शनिवार मला परत देता यायचे नाहीत. खरं कारण मात्र मी त्यांना अजून देणं लागतो.