नाकाखालचं बोट

बाळ झाल्यापासून केतकीचं बोट दिवसभर त्याच्या नाकाखाली असायचं. श्वास चालू आहे ना, एवढंच बघायचं होतं. बाळ वैतागून शिंकायचं, की लगेच सर्दीची काळजी सुरू. पुण्याहून हैदराबादला येऊन कंपनीत अख्खी टीम सांभाळणारी ही बाई मूठभर पोरापुढे पार गळाठली होती.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "रोज थोडा वेळ डोळे मिटून बसायचं. बाळाचा नाही, स्वतःचा श्वास बघायचा."

काचीगुड्याच्या सासरच्या घरात, ओव्याची धुरी घेऊन, कानाला रुमाल बांधून केतकी बसली. आधी ठसका लागला. मग पाठीला खाज सुटली. मग मात्र श्वास येतोय, जातोय, एवढंच उरलं आणि ती अगदी निश्चल झाली.

इतक्यात नाकाखाली काहीतरी तुपकट लागलं. डिंकाच्या लाडवाचा वास आला. डोळे उघडले तर समोर सासूबाई निर्मलाबाई, बोट पुढे केलेलं, चेहरा पांढराफटक.

"आई, जिवंत आहे मी!"

"हलत नव्हतीस, म्हणून बघितलं," निर्मलाबाई ओशाळून म्हणाल्या. "हसू नक्को. तुझा नवरा एवढा घोडा झालाय, तरी झोपला की त्याचंही बघते अजून."