मागावर राहिलेली घोंगडी

आमच्या जुर्जुराच्या डोंगरात घोंगडी विणून झाली, की ती कापण्याआधी घरातल्या पुरुषांना बाहेर काढतात. माग जिवंत असतो. घोंगडी कापली की तो मरतो, आणि उंबऱ्याच्या आत पुरुष असला तर त्यालाही सोबत नेतो. म्हणून बाया दार लावतात, प्रेतावर शिंपडावं तसं ताण्याच्या उभ्या धाग्यांवर पाणी शिंपडतात, मग सुरी लावतात. मी नन्सच्या शाळेत शिकले, तरी या गोष्टीला हसायची माझी कधी छाती झाली नाही.

फरूजा हसायची. गावातली सगळ्यात चांगली विणकरीण, आणि येशूला उघड मानणारी. खालच्या गावातल्या आमच्या प्रार्थनाघराच्या दाराला लाखेची सरकारी मोहर लागली, तेव्हा पोलिसांनी तिला बजावलं होतं, "तुझा धर्म तुझ्यापाशी ठेव. दुसऱ्याला सांगितलास तर तुरुंग."

त्या हिवाळ्यात शेजारची म्हातारी तावस अंथरुणाला खिळली. तिला मरणाची फार भीती वाटे. "तुझा तो थडग्यातून उठलेला, त्याचं मला सांग ना," असं ती फरूजाला विनवायची. पण तिचा मुलगा अरेझ्की दारातून हलत नसे. त्याच्याच लग्नाची घोंगडी फरूजा तिथे विणत होती, मी तिच्या हाताखाली.

"मावशी, हात चालव, तोंड नको. नाहीतर मीच चौकीवर जाईन."

"मुक्यानं विणलेली घोंगडी ऊब देत नाही रे," फरूजा म्हणायची.

घोंगडी पुरी झाली त्या दुपारी धुकं दारापर्यंत आलं होतं. अरेझ्की निमूट बाहेर गेला. मी कडी लावली, पाण्याचा वाडगा धरला. फरूजाने सुरी उचललीच नाही. ती तावसच्या उशाशी बसली आणि सांगू लागली. बायका पहाटे थडग्याकडे निघाल्या, वाटेत एकमेकींना विचारत होत्या, तोंडावरचा दगड कोण सरकवणार?

खोलीत वारा नव्हता, तरी ताणा थरथरत होता. दाराखालच्या फटीत दोन पावलांच्या सावल्या दिसत होत्या.

"कापलीत का?" बाहेरून अरेझ्कीचा घोगरा आवाज आला.

"अजून नाही म्हण," मी कुजबुजले. तेवढ्यावर तो संध्याकाळपर्यंत आत आला नसता.

"मरणाला जिंकलेल्याचं नाव मरणाच्या भीतीआड लपून सांगू?" फरूजा म्हणाली, आणि तिनेच कडी काढली. "घोंगडी कापत नाहीये, बाळा. तुझ्या आईला येशूचं सांगतेय. तिनं विचारलं म्हणून. इथं कोणी मरत नाही. ये, तूही ऐक."

तो उंबऱ्यावर थिजला. धुकं त्याच्या पायांभोवतीनं आत शिरलं. ताण्यातून बारीक गुणगुण आली. मी ऐकली, त्यानेही ऐकली असावी. त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"ये की," आतून तावस म्हणाली. "आईपेक्षा मागाला जास्त भितोस?"

तो मागे सरकला आणि धुक्यातून चौकीकडे उतरून गेला. फरूजाने गोष्ट पुरी सांगितली, जराही घाई न करता. मग पोलीस आले आणि तिला घेऊन गेले.

तावस त्याच आठवड्यात गेली, शांतपणे. घोंगडी मागावरच राहिली. कापण्याआधीच दार उघडलेला माग. कोणती बाई त्याला हात लावणार? अरेझ्कीच्या लग्नाचं बोलणं मोडलं. ताणा दिवसाही गुणगुणतो, असं तो सांगायचा, आणि लोक त्याच्या दारावरून जाणं टाळायचे.

बदामाला फुलं आली तेव्हा फरूजा सुटली. तुरुंगातून ती थेट त्याच्या घरी गेली. मी वाडगा घेऊन मागोमाग.

"जा बाहेर," मी त्याला सवयीनं म्हटलं.

तो आईच्या रिकाम्या अंथरुणावर बसला होता. "नाही जात. मी दाराआडून अर्धंच ऐकलं होतं, मावशी. तो दगड कोणी सरकवला?"

फरूजाने सुरी घेतली, आणि सांगता सांगता एकेक धागा कापत गेली. शेवटच्या धाग्याला मी डोळे मिटून घेतले. उघडले, तर तो तिथेच होता, ऐकत.