कासीमभाईंची गुंडाळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून लपवावं असं माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही कासीमभाईंना पाहिलेलं नाही, म्हणून असेल कदाचित.

तेर गावात कासीमभाईंचं आणि माझं लाउडस्पीकरचं दुकान होतं. निजामाचं राज्य जाऊन पंधराएक वर्षं झाली होती, पण खेड्यापाड्यांत वीज नव्हती. लग्नाला, उरुसाला आमचा सेट बॅटरीवर चालायचा. कासीमभाई माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. हे काम मला त्यांनीच शिकवलं. सेटमधला जळालेला ट्रान्सफॉर्मर उकलून ते तांब्याची बारीक तार हातानं पुन्हा गुंडाळायचे — ओठ हलवत वेढे मोजायचे, थरामागं थर कागद घालायचे. त्यांच्या हातची गुंडाळी जळाली, असं कधी कुणी ऐकलं नव्हतं.

आमचा ॲम्प्लिफायर जुन्या, काचेच्या व्हॉल्व्हचा, आणि त्यातला ट्रान्सफॉर्मर कासीमभाईंच्याच हातचा. आवाज गोड, पण असा तापायचा की हात लावणं मुश्कील. आणि बॅटरी तर नुसती प्यायचा. एका लग्नात ती बसायची, मग बसच्या टपावर टाकून चार्जिंगला उस्मानाबादला न्यायची. मला नवा ट्रान्झिस्टरचा सेट हवा होता. तापत नाही, एका बॅटरीवर दोन-तीन लग्नं निघतात. कासीमभाई हसायचे.

"दत्तू, तापतंय ते जितं असतंय. थंडगार गळ्यानं कुणी गातंय व्हय?"

वर्षभर आम्ही हा वाद घातला, मायेनं घातला. माझं म्हणणं चुकीचं होतं का? नव्हतं. म्हणूनच पुढचं सांगताना जीभ अडते.

वैशाखात लोहारा गावाकडं एक लग्न होतं. कासीमभाई दुपारच्या नमाजाला निघाले. "सेटकडं ध्यान ठेव," एवढंच म्हणाले. वावटळ उठली, मांडवात माती यायला लागली. मी माझा टॉवेल सेटवर टाकला, चारी बाजूंनी खोचला. धूळ जाऊ नये म्हणून — खरंच तेवढ्यासाठी. तापणाऱ्या सेटला वारा लागतो, तो झाकायचा नसतो, हे मला ठाऊक नव्हतं? त्यांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पण पंगत बसत होती. घटकाभरानं काय होतंय, म्हणालो, आणि जेवायला गेलो.

जिलबी दुसऱ्यांदा फिरत होती तेव्हा कर्णा गप्प झाला.

मी धावलो. टॉवेल ओढला. जळका वास आला. कासीमभाई येताना दिसले — आणि मी टॉवेल पिशवीत कोंबला. विचार करून नाही. पण नंतर विचार करायला मला किती वर्षं मिळाली!

त्यांनी सेट उघडला. ट्रान्सफॉर्मर काळा पडला होता. जळक्या वेढ्यांवरून त्यांनी बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "माझाच वेढा कुठंतरी चुकला."

मी काय म्हणालो? काहीच नाही. नुसता गप्पही नव्हतो — मनात कुठंतरी बरं वाटलं होतं. आता नवा सेट येईल.

तो आलाही. दिवसभर वाजवून हात लावला तरी गार. गावोगावची बोलावणी वाढली. कासीमभाईंनी पुन्हा कधी वाद घातला नाही. येरमाळ्याहून, कळंबहून कुणी जळका रेडिओ घेऊन आलं, तर म्हणायचे, "मला न्हाय जमत आता. दुसरीकडं दाखवा." त्यांचे हात तेच होते. त्यांचा त्या हातांवरचा भरवसा मी नेला होता.

एकदाच, दोन वर्षांनी, त्यांनी तार हातात घेतली. गावातल्या म्हाताऱ्या मास्तरांचा रेडिओ होता, मास्तरांना नाही म्हणवेना. मला म्हणाले, "दत्तू, जवळ बस. मी गुंडाळतो, तू मोज. माझ्या मोजण्यावर माझा इश्वास न्हाय राह्यला."

दुकानात आम्ही दोघंच होतो. टॉवेलचं सांगायला याहून चांगली वेळ कुठली? वेढे एकाला एक चिकटून पडत होते. मी मोजत राहिलो. शेवटी त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"बरोबर हाय," म्हणालो.

एवढंच म्हणालो.