घशाला झोंबणारं तेल

लोखंड का गंजतं आणि तेल खवट का होतं, हे मी तंजावूरच्या मुलींना निवृत्त होईपर्यंत शिकवलं. हवेतला ऑक्सिजन दोघांनाही खातो, एवढं तर माझ्या वर्गात शेवटच्या बाकावरही पोचलं होतं. माझ्या स्वयंपाकघरात पोचायला मात्र यजमानांना हृदयविकाराचा झटका यावा लागला.

स्टेंट बसला आणि ते घरी आले. पण घरी आलेला माणूस वेगळाच होता. लग्नापासून त्यांनी एक घास नावं न ठेवता गिळला नव्हता. अंबट भाजीत चिंच जास्त, भात मऊ, रसम पातळ. आता मीठ कमी, खोबरं बंद, वडे बंद आणि त्यांचं तोंडही बंद. पानात पडेल ते खायचे आणि उठायचे. मला फार भीती वाटायची. हृदय चालू होतं, पण माणसाची इच्छाच गेली तर तिला कुठला स्टेंट बसवणार?

अशात चेन्नईहून लेक आली आणि गडद हिरव्या बाटलीतलं ऑलिव्हचं तेल ठेवून गेली. "अम्मा, रोज एक चमचा, कच्चेंच. अप्पाच्या हृदयाला बरें," एवढं सांगून तिनं बस पकडली. मी चाखून पाहिलं. जिभेला कडू, आणि गिळताच घशात अशी झणझण की ठसका लागला. पोरीच्या गळ्यात कुणीतरी खराब तेल मारलंय, याबद्दल मला शंकाच उरली नाही. आमच्याकडे तेलाला उग्र वास आला की ते कडकडीत तापवून त्यात चिंचेची गोळी तळतात. मी तेच केलं. धूर निघेपर्यंत तापवलं, गाळलं आणि स्टीलच्या उघड्या भांड्यात खिडकीशी ठेवलं. बाटली सुरेख होती, तिच्यात मनीप्लांट लावला.

ते गरीब झालेलं तेल यजमानांनी महिनाभर मुकाट्यानं खाल्लं.

मग एकदा व्हिडिओ कॉलवर लेकीनं विचारलं, "घशाला झोंबतें का तें?"

"झोंबत होतें. काढून टाकलें मी," मी अभिमानानं सांगितलं.

"अय्यो अम्मा! जें झोंबतें तेंच तर पाहिजे!"

ती झणझण म्हणजेच त्या तेलातली अँटिऑक्सिडंट, पॉलिफेनॉल नावाची. रक्तातल्या कोलेस्टेरॉलला ती गंज चढू देत नाहीत. उष्णतेनं आणि उजेडानं ती नासतात, म्हणून तर गडद बाटली. माझाच धडा लेक मला शिकवत होती, आणि पडद्यावर माझ्या मागे त्याच बाटलीतला मनीप्लांट दिसत होता.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांपुढे कबुली दिली. ते हसले. म्हणाले, तेल चांगलंच, पण खरं काम गोळ्या आणि चालणं करतं. तुमचं तिळाचं तेलही काही वाईट नाही, फक्त बेतानं.

दुसरी बाटली आली. इडलीबरोबरच्या कोरड्या चटणीला, मिळगापोडीला, मधे खळगा करून त्यात कच्चं तिळाचं तेल ओतायची आमची जन्माची सवय. म्हणजे कच्च्या तेलाचं आम्हाला कुणी सांगायलाच नको होतं! त्या सकाळी खळग्यात हे नवं तेल घातलं. पहिल्याच घासाला यजमानांना जोराचा ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. पाणी पिऊन त्यांनी पेला आपटला.

"कायगे हें? घसा जाळतीस का माझा? आणि पोडीत मीठच नाहीं!"

कित्येक आठवड्यांनी आलेली ती पहिली तक्रार. "मीठ मिळणार नाहीं," असं मी तोऱ्यात म्हटलं. आत जाऊन पदरानं डोळे पुसले. बाहेरून हुकूम आला, आणखी एक इडली.

त्या तेलानं हृदय किती सुधारलं, मला सांगता येणार नाही. पण त्याचे, लेकीचे आणि त्या डॉक्टरांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. आता रोज सकाळी बाहेरून ठसका ऐकू येतो. मी गॅस बारीक करते आणि आज कशाला नावं ठेवतात, ते ऐकत उभी राहते.