चप्पू सोडू नको

आमच्याकडं चप्पू म्हणजे थर्माकोलचा तराफा. जायकवाडीच्या मासेमारांनी टाकून दिलेलं थर्माकोल पोत्यात कोंबायचं, वरून दोरी आवळायची, झाला चप्पू. त्यावर मांडी घालून बसायचं आणि हातातल्या फळीनं पाणी मागं सारायचं. देवगाव रंगारीजवळ आमची वस्ती शिवनेच्या पल्याड, पूल नाही, म्हणून पावसाळ्यात मी शाळेला चप्पूवरच जायचो. यात हसण्यासारखं काय आहे, सांगा मला.

काय आहे ते शहरात आल्यावर कळलं. कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा होती, माझं पहिलंच वर्ष. वडील पहाटेच्या एसटीनं ऐकायला आले होते. धुतलेली टोपी, मागच्या रांगेत कडेची खुर्ची. मी आवाज चढवून म्हणालो, "मी चप्पूवर बसून शिकलो!" तसा पहिल्या रांगेतला एक जण उठला. माझ्याच वर्गातला, शहरातल्या छावणीत वाढलेला. त्यांच्या बोलीत चप्पू म्हणजे वल्हं. "चप्पूपे बैठके आया क्या रे?" तो ओरडला. "झाडूपे चुडैल बैठती वैसा?"

अख्खा हॉल फुटला. मला पुढचं एक वाक्य आठवेना. स्टेजवरून उतरताना मागं पाहिलं, तर वडीलही हसत होते. त्यांना काही कळलं नव्हतं, सगळे हसले म्हणून बिचारे हसले. संध्याकाळच्या गाडीत बसताना मला म्हणाले, "लई हसवलंस रे लोकायला." ते मला अजून सहन होत नाही.

त्या दिवसापासून माझं नाव चप्पू पडलं. मी "व्हय" म्हणालो की तो छावणीवालाही हेल काढून "व्हय" म्हणायचा, पोरं दात काढायची. परत कधी स्टेजवर चढलो नाही. तरी आमची दोस्ती होती बरं का! एकच बाक, एकच चहाची टपरी. दोस्तीत चालतं म्हणे असलं. चालत असेल, ज्याला हसायचं असतं त्याला. मी मात्र मनात गाठ मारून ठेवली होती, यानं माझ्या बापासमोर माझी लाज काढली, आता याला बापासमोरच माझी माफी मागायला लावायची.

दोन वर्षं थांबलो. तिसऱ्या पावसाळ्यात चार दिवस झड लागली, शिवना दोन्ही काठ धरून वाहायला लागली आणि हाच माझ्या मागं लागला, "चल ना चप्पू, तेरे गाव, तेरे चप्पूपे बैठेंगे." म्हटलं, चल की. मी नाही कशाला म्हणू!

आम्ही चौघं गेलो. पूर थोडा उतरला होता, पण पाणी गढूळ आणि ओढ जबर. दोन चप्पू काढले. दुसऱ्यावर दोघं दोस्त बसले, माझ्यावर मी आणि तो. वडील काठावर उभे राहून सांगत होते, "मधल्या बाभळीकडं जाऊ नका रे." मी त्याला नेमकं बाभळीकडंच नेलं.

तिथं फळी मांडीवर ठेवली. "माफी माग," म्हणालो. "कशाची?" "स्पर्धेची. माझे वडील तिथं उभे आहेत, त्यांना ऐकू जाईल असं माग."

तो हसला. आईशप्पथ, त्या पुरात बसून हसला! "अरे, अजून तेच धरून बसलाय?" म्हणत त्यानं माझ्या मांडीवरची फळी ओढली. "ला इधर, चप्पू मी मारतो."

तेवढ्यात बुडालेली फांदी खालून लागली. चप्पू कलला आणि तो पाण्यात गेला. एका हातात फळी, दुसऱ्या हातात चप्पूची दोरी. डोळे पांढरे झालेले, तोंडात पाणी. मला "दोरी धर" म्हणता आलं असतं. हात देता आला असता. मी काय ओरडलो? "चप्पू सोडू नको!"

त्यानं दोरी सोडली. दोन्ही हातांनी फळी छातीशी धरली आणि गेला.

तो चप्पूला काय म्हणतो, हे माझ्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार? दोन वर्षं तेच तर ऐकत होतो. घाबरलो, खोटं कशाला बोलू, हातानंच पाणी मारत काठ गाठला. पण राग तसूभर कमी झाला नव्हता. दुसऱ्या चप्पूवरच्या दोघांनी त्याला खालच्या वळणावर, करंजाच्या झुडपातून ओढून काढला. काळानिळा पडला होता, फळी तशीच मिठीत. वडिलांनी त्याला आपलं कोरडं धोतर गुंडाळलं, गुळाचा चहा पाजला. आणि तो माझ्याकडं बोट दाखवून त्यांना सांगायला लागला, "काका, यानं वाचवलं मला. हा ओरडला म्हणून फळी सोडली नाही." वडिलांची छाती फुगली. मी चप्पू वर ओढायला लागलो.

माफी राहिली ती राहिलीच. उलट त्याला नवा किस्सा मिळाला. लग्न असो, बारसं असो, पोट धरून सांगायचा आणि माझा हेल काढायचा, "चप्पू सोडू नगं रंऽ!" मी असा कधी बोललो नव्हतो. तरी लोक हसायचे, मग माझ्या पाठीवर थाप मारायचे. ती फळी त्यानं वॉर्निश करून दिवाणखान्यात टांगली. वडील गेले, तरी किस्सा चालूच.

परवा त्याच्या मुलीच्या साखरपुड्यात परत तेच. व्याह्यांसमोर, त्याच फळीखाली. सांगून झाल्यावर नवरा मुलगा सहज म्हणाला, "पण काका, नुसतं वल्हं धरून माणूस कसा वाचेल? तराफा धरायला नको का?"

"बरोबर बोललात," मी म्हणालो. "आमच्याकडं तराफ्यालाच चप्पू म्हणतात."

तो हसत होता, तसाच थांबला. वर फळीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. हळूच विचारलं, "म्हणजे मी काय सोडणार, हे तुला तेव्हा माहीत होतं?"

"व्हय," मी म्हणालो.

या वेळी कुणी हसलं नाही.