डाव्या चाकाची डिस्क

इथले अनुभव मी वाचते ते खरं सांगायचं तर चुका काढायला. कुणाला मागून हाक ऐकू येते, कुणाला पैंजण... मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे कान तपासते. भिवंडीत माझं छोटं क्लिनिक आहे. "मॅडम, कानात कुणीतरी बोलतं" म्हणून येणारे पेशंट माझ्याकडे रोजचेच. कानाची नस थकली की मेंदू स्वतःच आवाज तयार करतो, कुणी कुणाला हाक मारत नाहीये, हे मी त्यांना न कंटाळता समजावते. शिवाय आमचं घर बौद्ध. नवस, अंगारे, अंगात येणं, हे सगळं आईबाबांनी उंबऱ्याबाहेरच ठेवलं. तेव्हा आपल्याकडे या पानावर लिहिण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. आणि आहे ते नेमकं कानाचंच आहे, म्हणून जास्त छळतं.

आम्ही खारबावला राहतो, मी आणि बाबा. बाबांनी उमेदीची सगळी वर्षं भिवंडीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काढली. शेडमध्ये इतके लूम एकदम चालायचे, की शेजारच्या माणसाशीसुद्धा ओठ हलवून आणि हातवारे करूनच बोलावं लागे. कान तिथेच गेले. मी शाळेत होते तेव्हापासून त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. त्यांच्यामुळेच मी हे शिक्षण घेतलं, आणि त्यांच्यासाठीच मला काही करता आलं नाही. कानाचं चांगल्यातलं मशीन लावून दिलं, तर "नुसतं खडखडतंय" म्हणून काढून ठेवलं. त्यांचा दोषही नाही. त्यांचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकू येण्याचा आलेख, मीच काढलाय, एकदा नाही, अनेकदा. त्यात मशीनला धरायला काही उरलेलंच नाही.

आई त्यांच्याशी लूमवरच्या खुणांनी बोलायची. भरभर हात चालायचे, आणि दोघं मध्येच खो खो हसायची. मला त्यातलं निम्मंच कळायचं. आई गेली आणि बाबांनी बोलणंच सोडलं म्हणा ना. कधी बोलले तर मोठ्यांदा, कारण स्वतःचा आवाजही त्यांना ऐकू येत नाही. नव्या माणसाला वाटतं, यांच्याकडे भांडण चाललंय.

आता गाडीचं सांगते. हसू नका. वळ गावच्या एका गोदाममालकाच्या मुलाने हौसेने घेतलेली दोन दारांची स्पोर्ट्स कार, त्याची हौस फिटली आणि मी ती सेकंडहँड उचलली. आमच्या रस्त्यांवर, कंटेनरांच्या गर्दीत, ही जमिनीला टेकलेली गाडी! लोक वेड्यात काढतात, काढू देत. रविवारी सकाळी अकलोलीपर्यंत एक चक्कर मारते, तेवढंच माझं सुख. बाबांना मात्र ती कधीच आवडली नाही. मी निघाले की ते ओट्यावर येऊन बसायचे, ते मी परत येईपर्यंत.

मागच्या हिवाळ्यात अकलोलीहून येताना ब्रेक दाबला की पायाखाली पेडल थरथरायला लागलं. इरफानभाईंनी पुढची चाकं काढून दाखवली. ब्रेकच्या डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी थाळ्या, झिजून कडेला धार आलेली, त्यांना दाबून धरणारे पॅड संपत आलेले. इरफानभाई माझे मेकॅनिक, मूळचे उत्तर प्रदेशचे, पण आता पक्के भिवंडीकर. पुढच्या रविवारी ते तीन प्रकारच्या नव्या डिस्क घेऊनच आमच्या अंगणात हजर झाले. पसंत पडेल ती जोडी ठेवायची, बाकीच्या दुकानात परत.

"मॅडम, ये होलवाली डालो. गाडी का लुक ही बदल जाएगा."

"लुक नको इरफानभाई, गाडी थांबायला हवी. त्या होलांपासूनच तडे जातात."

"तो फिर ये हाय-कार्बन लो. कितनी भी गरम हो जाए, टेढी नहीं होगी."

"आणि ती तिसरी?"

"वो तो सादी है. चलेगी, लेकिन ऐसी गाडी में सादी डिस्क..." त्यांनी तोंड असं केलं की जणू मी लग्नाला रबरी चप्पल घालून चाललेय.

माझं मन हाय-कार्बनवर बसलं. पॅड सिरॅमिकचे घ्यायचे हे आधीच ठरलेलं, कारण ते जवळजवळ आवाज करत नाहीत. दिवसभर कान तपासून आलेल्या बाईला ब्रेकची किंचाळी नको असते.

वाटेत एखादी डिस्क आपटून तडकली तर नाही ना, हे बघायला इरफानभाई एकेक डिस्क तारेला टांगून पान्याने ठोकत होते. माठ घेताना आपण वाजवून बघतो ना, तसं. होलवाल्या दोन्ही वाजल्या. हाय-कार्बनवाल्या जरा बद्द बोलल्या, त्या तशाच असतात. मग सादीतली पहिली... टण्ण.

बाबा आमच्याकडे पाठ करून ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वळवली.

"कोन वाजवतंय?"

आधी मला प्रश्नाचं काही वाटलंच नाही. मला धक्का बसला तो आवाजाने. बाबा हळू बोलले होते. तुम्ही-आम्ही बोलतो तितकं हळू. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येतो तोच माणूस असं बोलू शकतो, हे मी पेशंटच्या नातेवाइकांना शेकडो वेळा सांगितलंय.

"परत मारा," मी इरफानभाईंना म्हटलं.

टण्ण.

"हां... ही बोलती हाय," बाबा म्हणाले. आवाज तसाच, मऊ. आणि नाद विरत गेला तसा त्यांचा आवाज पुन्हा चढला, "काय झालं? थांबवलंत का?" शेजारच्या घरापर्यंत जाईल असा!

मग मी जे केलं ते धंद्याच्या सवयीने केलं. बाबांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि खूण केली, ऐकू आलं की बोट वर करायचं. ही खूण त्यांना पाठ आहे. माझ्या क्लिनिकच्या बंद खोलीत ते कितीदा तरी असे बसलेत, आणि काचेपलीकडे मी त्यांच्या त्या बोटाकडे बघत राहिलेय. ते बोट मांडीवरून हलत नाही.

होलवाली वाजवली. बोट खाली. हाय-कार्बन, खाली. माझी जुनी झिजकी डिस्क, खाली. सादी, बोट वर! त्याच जोडीतली दुसरी वाजवली, तर खाली. क्रम बदलला, मध्येच न वाजवता नुसतं थांबून बघितलं, इरफानभाईंना पार गेटजवळ उभं केलं. तरी त्या एकाच डिस्कला बोट वर. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये दोन्ही सादींचा आवाज मोजला, दोन्हीचा सूर तोच. माझ्या कानाला फरक नाही, इरफानभाईंच्या कानाला नाही. त्यांनी पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, ये आप लोगों का घर का मामला है... मैं चाय पीकर आऊँ क्या?"

"कुठे जाऊ नका. मारत राहा."

टण्ण... आणि त्या नादात मी मागूनच म्हटलं, "बाबा."

बाबांची पाठ ताठ झाली. इरफानभाईंनी न सांगताच पुन्हा मारली.

"असा हाय होय तुझा आवाज?" बाबा भिंतीकडे बघतच म्हणाले. "मी बारकीचाच समजत होतो गं. तुझे ओठ वाचताना आतमदी मी तुझा बारकेपनीचाच आवाज लावायचो."

मला रडू आवरेना. एवढी वर्षं मी यांच्याशी डॉक्टरी थाटात, ठासून ठासून बोलत होते, औषध घेतलं का, जेवलात का, आणि यांना ते सगळं एका शाळकरी पोरीच्या आवाजात पोचत होतं! इरफानभाई डिस्क वाजवत राहिले, मी काहीबाही बोलत राहिले. काय बोलले ते आता आठवतही नाही. आंब्याला मोहोर आलाय, असंही म्हणाले बहुतेक. बाबा मान हलवत होते आणि हसत होते. आई गेल्यानंतर असे हसताना मी त्यांना पाहिलंच नव्हतं.

मी तिथल्या तिथे ठरवून इरफानभाईंना सांगून टाकलं. गाडीला हाय-कार्बन, आणि ही सादी डिस्क घरात तारेला टांगायची. रोज वाजवायची.

बाबांनी वळून माझे ओठ वाचले आणि उठून उभे राहिले.

"न्हाय. हीच गाडीला लाव."

"बाबा, ही घरात राहू दे. तुम्हाला ऐकू येतंय ना हिच्यामुळे!"

"म्हनूनच लाव." आवाज पुन्हा मोठा झाला होता, पण या वेळी तो बहिरेपणाचा नव्हता. "त्या मुक्या डिस्का मला नकोत तुझ्या गाडीला. तू जातेस तवा मी ओट्यावर काय करत बसतो, म्हायत हाय तुला? फोन वाजला तरी मला कळनार न्हाय. कोनी दारात येऊन बोंबलला तरी कळनार न्हाय. तू समोर दिसतेस तवाच मला कळतं की तू हायस. तवर न्हाय."

मी हातवाऱ्यांनी भांडले, रागावले, लोखंड ते लोखंड म्हणून समजावलं. त्यांनी डिस्क उचलून मांडीवर घेतली आणि चाकाशेजारी जाऊन बसले. शेवटी इरफानभाईच म्हणाले, "चाचा नहीं मानेंगे. सादी भी अच्छी है मॅडम, डाल देता हूँ." ती डिस्क डाव्या चाकाला गेली, तिची जोडीदार उजव्या. सगळं आवळून झाल्यावर मी पान्याने तिच्यावर ठोकून बघितलं. ठप्प. कसली डिस्क वाजणार तशी, चारी बाजूंनी आवळलेली! बाबांचं बोट हललं नाही. माझ्या हातातलं काहीतरी कुणी काढून घेतल्यासारखं झालं मला. मी त्यांच्याशी न बोलताच गाडी काढली.

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना नीट बसायला गाडी वेगात नेऊन, पूर्ण न थांबवता, पुन्हा पुन्हा हळू करावी लागते, आणि मग तशीच चालवत गार होऊ द्यावी लागते. ते मी अकलोलीच्या रस्त्यावर केलं. पेडल शांत, चाकं शांत. काच खाली करून मुद्दाम ऐकलं, काही आवाज नाही. जाताना रडत होते, येताना नुसतीच थकले होते. आमच्या गल्लीच्या बरंच अलीकडे, मोठ्या रस्त्यावर एक स्पीडब्रेकर आहे. तिथे ब्रेक दाबला आणि पुढे गल्लीत वळले, तर लांबूनच गेट उघडं दिसलं आणि गेटात बाबा.

इरफानभाई ओट्यावर चहाचा कप धरून तसेच बसलेले. ते म्हणाले, "चाचा आँख बंद करके बैठे थे. एकदम उठे, बोले, आली. मैंने कहा, कोई नहीं है चाचा. गेट खोल दिया. तब तक आपकी गाडी गली में भी नहीं आई थी."

बाबांना विचारलं. त्यांनी खांदे उडवले. "कळलं," एवढंच म्हणाले.

त्याच आठवड्यात मी त्यांना क्लिनिकमध्ये बसवलं. ऑडिओग्राम आधीसारखाच, तसूभर फरक नाही. जमिनीतून कंपनं जात असतील म्हणाल, तर मोठ्या रस्त्यावरून दिवसभर कंटेनर जातात, त्याच स्पीडब्रेकरवर आदळतात, बाबा ढिम्म हलत नाहीत. वेळेचा अंदाज म्हणाल, तर मी मुद्दाम लवकर येऊन पाहिलं, मुद्दाम उशीर करून पाहिलं. एकदा गाडी क्लिनिकपाशीच ठेवून रिक्षाने आले. तेव्हा मी गेट उघडून समोर उभी राहीपर्यंत त्यांना पत्ता नव्हता, आणि चेहरा असा उतरलेला, की तो प्रयोग मी पुन्हा केला नाही.

शेजारी सांगतात, मी गेले की बाबा आता ओट्यावर खिळून बसत नाहीत. झाडांना पाणी घालतात, पेपर वाचतात, कधी घोरत पडलेले असतात. आणि मग उठून गेट उघडतात. इरफानभाई म्हणतात, डिस्क कधीतरी झिजणार, बदलावी लागणार. मी म्हणते, बघू.

माझं शिक्षण, माझी मशीनं, सगळं लावून झालं. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा. मी एवढंच करते... परत येताना रस्ता मोकळा असला, समोर काही नसलं, तरी स्पीडब्रेकर यायच्या खूप आधीच एकदा ब्रेक दाबते. तेवढीच बाबांची काळजी लवकर मिटते.